जबड्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी प्रौढ वयात दातांना तारा : काय, का आणि किती काळ

दातांना तारा लावल्या की दात सरळ होतात आणि हसू खुलते, ही सर्वसाधारण समजूत जबड्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी लावल्या जाणाऱ्या तारांना लागू पडत नाही. तेथे तारांचे काम काही काळ नेमके उलटे असते. ज्याचा खालचा जबडा पुढे आहे, त्याचा जबडा वर्षभरात अधिकच पुढे आल्यासारखा दिसू लागतो. ज्याचा खालचा जबडा मागे राहिला आहे, त्याच्या वरच्या आणि खालच्या दातांमधली फट रुंदावते. पोळीचा किंवा सफरचंदाचा तुकडा पुढच्या दातांनी तोडणे पूर्वीपेक्षा कठीण होते. हा उपचाराचा दुष्परिणाम नव्हे, तो उपचाराचा हेतूच आहे. तिशी-चाळिशीत, नोकरी आणि संसार सांभाळून हा मार्ग धरणाऱ्याने पहिला ब्रॅकेट दातावर चिकटण्यापूर्वी एवढे तरी समजून घ्यायला हवे. कारण मध्येच थांबणारा माणूस मूळ अवस्थेहूनही गैरसोयीच्या अवस्थेत अडकून राहू शकतो.

शरीराने आधीच केलेली तडजोड

अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दातांच्या जुळणीतील दोषांचे तीन वर्ग पाडले. पहिल्या कायमच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात, यावर ते आधारलेले आहेत. खालची दाढ अपेक्षेपेक्षा मागे असेल तर दुसरा वर्ग, पुढे असेल तर तिसरा. सव्वाशे वर्षांनंतरही दवाखान्यात हीच भाषा चालते. मात्र हे वर्गीकरण दातांविषयी सांगते, हाडांविषयी नाही. दोन माणसांच्या दाढा सारख्याच चुकीच्या बसलेल्या असू शकतात. एकाचे दात तेवढे सरकलेले असतात, तर दुसऱ्याच्या जबड्याच्या हाडांची लांबीच विषम असते. पहिल्याचे काम तारांनी भागते. दुसऱ्याचा दोष मोठा असेल तर एकट्या तारांनी भागत नाही, कारण वाढ संपलेल्या प्रौढ माणसाचे हाड तारांच्या ओढीने लांब किंवा आखूड होत नाही.

हाडांमधली ही विषमता वाढीच्या वयात हळूहळू प्रकट होत असताना ओठ, गाल आणि जीभ यांच्या दाबाखाली दात स्वतःला जमवून घेत जातात. खालचा जबडा पुढे वाढला तर खालचे पटाशीचे दात आत, जिभेकडे कलतात आणि वरचे बाहेर झुकतात. हाडांमध्ये सात-आठ मिलिमीटरचा फरक असला तरी दातांमध्ये तो दोन-तीन मिलिमीटर एवढाच दिसतो. निसर्गाची ही तडजोड रोजच्या जगण्याला उपयोगी असते, शल्यविशारदाला मात्र ती अडचणीची ठरते. शस्त्रक्रियेत जबडा किती सरकवायचा हे शेवटी दातांच्या जुळणीवरून ठरते. दातांत दोनच मिलिमीटरचा फरक असेल तर जबडाही फारसा सरकवता येत नाही, आणि हाडांतला खरा दोष तसाच राहतो.

म्हणून तारा आधी ही तडजोड मोडतात. कललेला प्रत्येक दात आपापल्या हाडावर सरळ उभा केला जातो, समोरच्या दाताशी त्याची गाठ पडो वा न पडो. दोन मिलिमीटरचा फरक वाढत जाऊन सात मिलिमीटरचा होतो, म्हणजे हाडांचा खरा फरक उघडा पडतो.

एकाच दोषासाठी दोन विरुद्ध दिशा

याच ठिकाणी सर्वांत मोठा निर्णय दडलेला असतो. जबड्याचा दोष सौम्य असेल तर शस्त्रक्रिया टाळून केवळ दात सरकवून तो झाकता येतो. मात्र दोष झाकण्यासाठी दात ज्या दिशेला न्यावे लागतात, शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी नेमके त्याच्या विरुद्ध दिशेला न्यावे लागतात. खालचा जबडा मागे असेल आणि दोष केवळ झाकायचा असेल, तर बहुधा वरच्या उपदाढा काढून वरचे दात मागे घेतात. त्याच रुग्णावर शस्त्रक्रिया करायची ठरली आणि दात काढण्याची गरज भासली, तर काढायच्या असतात त्या बहुधा खालच्या उपदाढा. तिसऱ्या वर्गात हाच हिशेब उलटा होतो.

‘आधी तारा लावून पाहू, जमले नाही तर शस्त्रक्रियेचे बघू’ हा सल्ला ऐकायला समंजस वाटतो. प्रत्यक्षात तो महागात पडू शकतो. काढलेला दात परत येत नाही. लहानपणी भारतात चार उपदाढा काढून तारा लावलेल्या आणि जबडा वाढल्यावर दोष पुन्हा उघड झालेल्या प्रौढांचे उपचार याच कारणाने अधिक गुंतागुंतीचे होतात. तारा लावणारा दंततज्ज्ञ आणि जबड्याचा शल्यविशारद या दोघांनी उपचार सुरू होण्यापूर्वी एकत्र बसून आराखडा ठरवलेला असणे, ही या उपचाराची पहिली कसोटी मानावी.

तारांचा काळ

शस्त्रक्रियेपूर्वीचा टप्पा साधारणपणे १२ ते १८ महिन्यांचा असतो, काहींच्या बाबतीत तो दोन वर्षांपर्यंत लांबतो. शस्त्रक्रियेनंतरही जुळणी पक्की करण्यासाठी सुमारे सहा महिने ते वर्षभर तारा राहतात. वयाची वरची मर्यादा अशी नाही. किशोरांच्या तुलनेत प्रौढांचे दात काहीसे सावकाश सरकतात, पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न हिरड्यांचा असतो. हिरड्यांचा सक्रिय आजार असताना दात सरकवले तर त्यांना आधार देणारे हाड आणखी झिजते. म्हणून आधी त्यावर उपचार करावे लागतात. आत कललेले खालचे पुढचे दात बाहेर उभे करताना तेथील हिरडी पातळ असेल तर ती मागे सरकण्याचीही भीती असते. खालच्या अक्कलदाढा हाड कापण्याच्या रेषेतच येत असल्याने अनेक शल्यविशारद त्या शस्त्रक्रियेच्या किमान सहा महिने आधी काढून घेतात.

शेवटी जाड, चौकोनी पोलादी तारा बसवल्या जातात. त्यांना छोटे आकडे असतात. शस्त्रक्रियेत आणि त्यानंतर जबडे योग्य जागी ठेवणारे रबर त्यांत अडकवतात. पारदर्शक अलाइनर वापरूनही ही तयारी करता येते, पण शस्त्रक्रियेच्या वेळी जबडे बांधण्यासाठी काही तरी पक्के लावावेच लागते. नंतर सीटी स्कॅन आणि दातांचे त्रिमितीय चित्र जोडून संगणकावर शस्त्रक्रियेचा आराखडा आखला जातो.

खालचा जबडा दोन्ही बाजूंनी उभा चिरून सरकवण्याची आजची पद्धत ह्यूगो ओब्वेगेझर यांनी १९५० च्या दशकात रूढ केली. वरच्या जबड्याच्या छेदाला रने ल फोर या फ्रेंच शल्यविशारदाचे नाव आहे; त्यांनी १९०१ मध्ये चेहऱ्याच्या हाडांच्या भंगरेषांचे वर्णन केले होते. बहुतेक सर्व छेद तोंडाच्या आतून घेतले जातात. पूर्वी जबडे सहा-सहा आठवडे तारेने बांधून ठेवावे लागत; टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू आल्यापासून ती वेळ सहसा येत नाही. खालच्या जबड्यातून जाणारी संवेदनेची नस छेदाच्या अगदी जवळ असल्यामुळे खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होणे ही नेहमीची बाब आहे. बहुतेकांची संवेदना काही महिन्यांत बरीचशी परतते. काहींच्या बाबतीत थोडा बधिरपणा कायम राहतो, आणि वय वाढते तशी ही शक्यताही वाढते. प्रौढाने संमतिपत्रावर सही करताना हे वाक्य दोनदा वाचावे.

तारांचा पहिला टप्पा गाळून आधी शस्त्रक्रिया करण्याची पद्धतही गेल्या दोन दशकांत जपान, कोरिया आणि तैवानमधून पुढे आली आहे. चेहरा आधी सुधारतो आणि एकूण काळही कमी होऊ शकतो, पण ती प्रत्येक रुग्णाला लागू पडत नाही.

देश बदलला तर

खर्चाची व्यवस्था देशागणिक वेगळी आहे. ब्रिटनमध्ये एनएचएस प्रौढांना तारा सहसा देत नाही, परंतु शस्त्रक्रियेची खरी गरज असलेल्यांचे दोन्ही उपचार रुग्णालयात होऊ शकतात. त्यासाठी चावण्यातील व कार्यातील अडचणीनुसार पाच श्रेणींची मोजपट्टी वापरतात आणि चौथ्या-पाचव्या श्रेणीला प्राधान्य मिळते. अमेरिकेत शस्त्रक्रिया वैद्यकीय विम्याकडे आणि तारा दंतविम्याकडे जातात. वैद्यकीय विमा केवळ दिसण्यासाठी पैसे देत नाही. चर्वणाची अडचण, झोपेतील श्वासरोध किंवा मिलिमीटरमधील मोजमापे कागदावर लागतात. दंतविम्याच्या अनेक योजनांत तारांसाठी वयाची अट किंवा आयुष्यभरासाठी ठरलेली मर्यादा असते. पूर्वमंजुरी तारा लावण्याआधी मागावी आणि लेखी घ्यावी. जपानमध्ये जबड्याच्या शस्त्रक्रियेसाठी लागणाऱ्या तारांना राष्ट्रीय विम्याचे संरक्षण आहे, पण उपचार मान्यताप्राप्त संस्थेतच घ्यावे लागतात. आखाती देशांत सारे काही नोकरीसोबत मिळालेल्या योजनेवर अवलंबून असते.

परदेशस्थ व्यावसायिकाचा खरा धोका निराळाच आहे. दोन-अडीच वर्षांच्या उपचारात नोकरी सुटणे, व्हिसा संपणे किंवा दुसऱ्या देशात बदली होणे मुळीच अशक्य नाही. नव्या देशातील तज्ज्ञ मध्येच आलेला रुग्ण घेतीलच असे नसते, आणि विमा बदलला की आधीची मंजुरी सहसा निरुपयोगी ठरते. उपचारापूर्वीची छायाचित्रे, क्ष-किरण चित्रे, दातांचे स्कॅन, ब्रॅकेटची पद्धत व खाचेचे माप आणि शस्त्रक्रियेचा लेखी आराखडा यांची प्रत रुग्णाने स्वतःजवळ ठेवावी. भारतात जाऊन शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांनाही हेच लागू होते. त्यांनी परतीचे तिकीट काढण्यापूर्वी परदेशातील तारांचा तज्ज्ञ पुढचा टप्पा पूर्ण करायला तयार आहे ना, हे विचारून घ्यावे.

रोजच्या गोष्टी

तारा असताना चकली, कडक बुंदीचा लाडू, चिक्की आणि भाजलेली कणसे यांच्याशी वैर पत्करावे लागते. हळद पारदर्शक रबरांना दोन दिवसांत पिवळी करते. मराठी स्वयंपाक सोडवत नसेल तर राखाडी रंगाची रबरे मागून घ्यावीत. तडजोड मोडत असताना ‘स’, ‘श’ यांसारखे उच्चार काही काळ बदलू शकतात. सभांमध्ये बोलणाऱ्यांना ते अधिक जाणवते, ऐकणाऱ्यांना सहसा तेवढे नाही. शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे चावून खाण्यास मनाई असते. पेज, गाळलेले वरण, सार, ताक आणि मिक्सरमधून काढलेला मऊ भात यांवर दिवस निघतात. शाकाहारी व्यक्तींनी प्रथिनांचा हिशेब आधीच आहारतज्ज्ञाकडून मांडून घ्यावा, कारण वजन घटतेच. कार्यालयातून दोन ते चार आठवडे रजा लागते. चेहऱ्यावरची बरीचशी सूज पहिल्या काही आठवड्यांत उतरते, उरलेली ओसरायला काही महिने लागतात.

चेहरा ठळकपणे बदलला तर पारपत्रावरील छायाचित्राचाही प्रश्न येतो. भारतीय पारपत्र चेहऱ्यातील बदलाच्या कारणावरून पुन्हा काढता येते, आणि अमेरिकेतही चेहऱ्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रूप लक्षणीय बदलले असल्यास नवे छायाचित्र देऊन नवे पारपत्र घ्यावे लागते. सूज पूर्ण उतरण्यापूर्वी ते छायाचित्र काढू नये. आणि दरम्यान प्रवास करावाच लागला तर शल्यविशारदाचे पत्र सोबत असावे.