सावलीवरून विमान

जुना कृष्णधवल फोटो समोर ठेवायचा, खालची ओळ बोटाने झाकायची आणि विचारायचं, ‘विमान कोणतं?’ कंपनी ओळखली तर अर्धा डाव, मॉडेल ओळखलं तर पुरा. विमानवेड्यांचा हा खेळ जगभर चालतो. मलकापुरात गच्चीवर उभं राहून, कराडच्या धावपट्टीकडे वळणाऱ्या छोट्या विमानाचे पंख वर आहेत की खाली हे बघणारं पोरही तोच खेळ खेळत असतं. खेळ निरुपद्रवी आहे, त्याचं कूळ मात्र युद्धातलं.

६ सप्टेंबर १९३९. महायुद्धात ब्रिटन उतरून जेमतेम तीन दिवस झाले होते. शत्रू आल्याची खोटी वर्दी मिळाली आणि त्या गोंधळात ब्रिटनच्या स्पिटफायर विमानांनी ब्रिटनचीच दोन हरिकेन पाडली. एक वैमानिक जिवाला मुकला. दोन्ही विमानं एकाच इंजिनाची, इंजिनही तेच, रोल्स-रॉइस मर्लिन. दोन्हींचे पंख खालच्या अंगाला. घाईत नजर फसली.

जमिनीवरून आकाशावर पहारा ठेवायला ब्रिटनमध्ये १९२५ पासून ‘ऑब्झर्व्हर कोअर’ होतं. त्यातले बहुतेक स्वयंसेवक. किती विमानं, किती उंचीवर, कुठल्या दिशेला, हे ते फोनवर कळवत. प्रकार ओळखण्याचं रीतसर शिक्षण मात्र त्यांना मिळत नव्हतं. तेव्हा गिल्डफर्डच्या पहारेकऱ्यांनी ‘हार्कर्स क्लब’ काढला आणि काळ्या छायाकृती दाखवून एकमेकांच्या परीक्षा घ्यायला सुरुवात केली. जानेवारी १९४१ मध्ये ‘द एअरोप्लेन स्पॉटर’ हे नियतकालिक निघालं. छायाकृती, फोटो आणि ओळखण्याची कोडी हा त्याचा खुराक. शाळकरी मुलंही त्यावर तुटून पडली. पहाऱ्याचं काम तिथे करमणूक झालं.

अमेरिकेने याच कामाला शाळेत नेलं. १९४२ मध्ये नौदलाने विद्यार्थ्यांकडून पाच लाख लाकडी नमुने मागितले, खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याचे. पत्त्यांच्या कॅटवरही विमानांच्या छायाकृती आल्या. शिकवण्याची रीत ठरलेली होती: आधी पंख, मग इंजिन, मग धड, मग शेपूट. ओहायोचे मानसशास्त्रज्ञ सॅम्युअल रेनशॉ यांना ती पटेना. शेपटीपर्यंत पोहोचेस्तोवर विमान डोक्यावरून जायचं. त्यांनी पडद्यावर सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरतं चित्र झळकवून सबंध आकार एका नजरेत टिपायला शिकवलं. लांबून येणारा शेजारी आपण नाकडोळ्यांवरून नव्हे, चालीवरून ओळखतो, तसंच.

युद्ध संपलं. जेट विमानं इतकी वेगाने जाऊ लागली की नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवणं परवडेना. ‘स्पॉटर’ १९४८ मध्ये बंद पडलं. छंद टिकला, पण त्याची दिशा फिरली. शत्रूची विमानं गेली आणि विस्मृतीत गेलेली विमानं कोड्यात आली. आता घाई नाही, त्यामुळे पंख-इंजिन-धड-शेपूट ही रेनशॉने टाकलेली रीत फोटोसमोर बसल्यावर पुन्हा कामाला येते.

एक नमुना घ्या. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं ते ‘पुस मॉथ’ विमानातून. १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला तो ‘लेपर्ड मॉथ’मधून. दोन्ही डी हॅविलंडची, दोन्हींचा एकच पंख डोक्यावर, दोन्हींना बंद केबिन. आता चाकापासून वर जाणारा दांडा बघा. पुस मॉथचा दांडा थेट पंखाच्या मुळाशी जातो, लेपर्डचा पुढे इंजिनामागच्या भिंतीला भिडतो. शिवाय लेपर्डचे पंख टोकाकडे निमुळते. लेपर्ड पहिल्यांदा उडालंच १९३३ मध्ये. म्हणजे फोटोतलं विमान लेपर्ड ठरलं, तर खाली ‘१९३२’ कुणीही छापलेलं असो, ते चूक. ओळखीचा उपयोग आता असा, तारखा तपासायला.

आपल्याकडचं अवघड कोडं म्हणजे ‘एचटी-२’. पुढेमागे दोन आसनं, खाली पंख, पुढे निमुळतं नाक. कॅनेडियन ‘चिपमंक’ म्हणून सहज खपून जाईल असं. प्रत्यक्षात ते बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टचं, ऑगस्ट १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालेलं. वायुसेनेचे कितीतरी वैमानिक त्यावर हात बसवून पुढे गेले. त्याचा आराखडा विष्णु माधव घाटगे यांचा. गॉटिंगनला लुडविग प्रान्टल यांच्या हाताखाली शिकलेला हा माणूस कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचा. ‘चिपमंक’ म्हणून मोकळं होणाऱ्याचा फक्त डाव जात नाही; आपल्या मुलखातल्या माणसाचं श्रेयही तो परस्पर कॅनडाच्या खात्यावर जमा करतो.