पार्सेक

१९७७च्या ‘स्टार वॉर्स’ सिनेमात वैमानिक हान सोलो आपल्या यानाची फुशारकी मारतो : ‘केसेल रन’ ही खेप आपण बारा पार्सेकच्या आत मारली! थाट असा, की पार्सेक म्हणजे जणू मिनिटं. पण पार्सेक हे अंतराचं माप. म्हणजे ‘पुण्याला मी बारा किलोमीटरांत पोचतो’ म्हणण्यासारखंच.

शब्द जुळवला हर्बर्ट हॉल टर्नर या ब्रिटिश खगोलज्ञाने, १९१३मध्ये. पॅरॅलॅक्समधला ‘पार’ आणि सेकंदमधला ‘सेक’. हात लांब करून अंगठा धरा, आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा सरकतो ना, तोच पॅरॅलॅक्स. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचे तारे तसेच सरकलेले दिसतात. या सरकण्याचा निम्मा कोन एक सेकंद भरला, की तारा एक पार्सेक दूर, म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं. गोची त्या ‘सेक’ची आहे. हा सेकंद घड्याळातला नाही, कोनाचा. अंशाचा ३,६००वा भाग. आपल्याकडे त्याला वेगळं नाव आहे, विकला. त्यामुळे मराठीत हानची ही थाप पचली नसती.

थाप म्हणायला आधारही आहे. हान काहीतरी ठोकून देतोय आणि ते ऐकणाऱ्या बेन या पात्राला कळतंय, अशी सूचना मूळ पटकथेतच होती. तेवढ्यावर भागलं असतं. पण २०१८च्या ‘सोलो’ सिनेमाने अख्खा प्रसंग रचून दाखवला, की हानने जीवघेणी आडवाट धरली म्हणून अंतरच घटलं! इंग्रजीत याला रेटकॉन म्हणतात. आपल्याकडे सारवासारव.