वैद्याच्या हातांतील सिगारेट

रोग्यास पथ्य सांगणाऱ्या वैद्यानें तें पथ्य स्वतः पाळावें कीं नाहीं, हा वाद फार जुना आहे. ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण’ ही म्हण शास्त्री-पंडितांपुरतीच राहिली नाहीं. औषधाची पेटी घेऊन घरोघर जाणाऱ्यांसही ती लावण्यांत आली. परंतु धूम्रपानाच्या बाबतींत या वादाला एक विलक्षण वळण लागलें. येथें वैद्यांनीं पथ्य आधीं सांगितलें आणि मग मोडलें, असें झालें नाहीं. पथ्य काय असावें हेंच प्रथम त्यांतील बहुतेकांस ठाऊक नव्हतें. आणि जगास तें कळलें तें पुष्कळसें त्यांच्याच आयुष्याच्या व मृत्यूच्या हिशेबावरून.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सिगारेट आणि डॉक्टर यांचें सख्य उघड होतें. १९३० सालीं अमेरिकेंतील ‘लकी स्ट्राइक’च्या जाहिरातींत २०,६७९ डॉक्टरांच्या अनुकूल मताचा दाखला देण्यांत आला होता. १९४६ पासून ‘कॅमल’च्या जाहिराती असें सांगूं लागल्या कीं, इतर कोणत्याही सिगारेटपेक्षां डॉक्टर ‘कॅमल’च अधिक ओढतात. पांढरा कोट घातलेला, प्रसन्न मुद्रेचा वैद्य हातांत सिगारेट धरून घरोघरच्या मासिकांतून वाचकांकडे पाहत असे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मुखपत्रांतही १९५३ पर्यंत सिगारेटच्या जाहिराती छापल्या जात. कारखानदारांचा हिशेब साधा होता: ज्याच्या शब्दावर माणूस कडू औषध गिळतो, त्याच्या उदाहरणावर तो धूरही निःशंकपणें गिळील. वैद्याच्या वर्तनास किती किंमत असते, हें तंबाखूच्या व्यापाऱ्यांनीं वैद्यांच्या आधीं ओळखलें होतें.

इकडे इंग्लंडांत एक निराळाच आंकडा वाढत चालला होता. इंग्लंड व वेल्स या प्रदेशांत १९२२ सालीं फुप्फुसाच्या कर्करोगानें ६१२ माणसें मेल्याची नोंद आहे. १९४७ सालीं ती संख्या ९,२८७ झाली. केवळ निदानाचीं साधनें सुधारलीं म्हणून ही वाढ दिसते, असें कित्येकांस वाटे. कोणी मोटारींच्या धुराकडे बोट दाखवी, तर कोणी रस्त्यांवर ओतल्या जाणाऱ्या डांबराकडे. या कोड्याचा छडा लावण्याचें काम ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल आणि रिचर्ड डॉल या दोघांकडे आलें. हिल हे मूळचे वैद्य नव्हेत. पहिल्या महायुद्धांत क्षयानें गांठल्यामुळें त्यांचें वैद्यक शिकण्याचें स्वप्न भंगलें. अंथरुणावर पडल्यापडल्या टपालाद्वारें अर्थशास्त्र शिकून ते पुढें संख्याशास्त्राकडे वळले. डॉल हे तरुण डॉक्टर होते, आणि धूम्रपानही करीत असत. आरंभीं त्यांचा स्वतःचा संशय डांबरावरच होता.

लंडनमधील वीस रुग्णालयांतून फुप्फुसाच्या कर्करोगाचे रोगी आणि इतर रोगांचे तितकेच रोगी यांची बारकाईनें विचारपूस करण्यांत आली. सप्टेंबर १९५० मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत कधींही धूम्रपान न केलेले केवळ दोन निघाले. तितक्याच इतर रोग्यांत तसे सत्तावीस होते. हे आंकडे प्रसिद्ध होण्यापूर्वींच डॉल यांनीं आपली सिगारेट सोडून दिली होती.

तरीही शंका उरतच होती. आजारी माणूस गतायुष्य आठवतांना चुकतो. त्याची स्मृति त्याच्या भयानें रंगलेली असते. तेव्हां निरोगी माणसांच्या संवयी आज लिहून घ्याव्यात आणि पुढें कोण कशानें मरतो तें पाहत बसावें, हाच खरा मार्ग होता. परंतु असें दीर्घकाळ ज्यांच्या मागावर राहतां येईल, अशीं माणसें आणावयाचीं कोठून? हिल आणि डॉल यांनीं डॉक्टरांचीच निवड केली. त्यांचीं नांवें नोंदणीपुस्तकांत असल्यामुळें त्यांचा पत्ता लागणें सोपें होतें. ते आपल्या संवयीचें वर्णन नेमकें करतील आणि त्यांच्या मृत्यूचें कारणही काळजीपूर्वक नोंदलें जाईल, अशी अपेक्षा होती. ३१ ऑक्टोबर १९५१ रोजीं ब्रिटनमधील ५९,६०० डॉक्टरांकडे एक लहानशी प्रश्नावली रवाना झाली. चाळीस हजारांहून अधिक जणांनीं उपयोगी पडतील अशीं उत्तरें पाठविलीं. आजवर दुसऱ्यांची नाडी पाहणारे आतां स्वतःच परीक्षेचा विषय झाले.

अडीच वर्षेंही लोटलीं नाहींत तोंच आंकडे बोलूं लागले. पस्तीस वर्षें व त्यांवरील वयाच्या २४,३८९ पुरुष डॉक्टरांपैकीं ७८९ मरण पावले होते. त्यांतील ३६ फुप्फुसाच्या कर्करोगानें. त्या छत्तीसांत धूम्रपान न करणारा एकही नव्हता, आणि तंबाखूचें प्रमाण जसजसें वाढे तसतसा मृत्यूचा दरही चढत जाई. हा वृत्तान्त जून १९५४ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत ब्रिटनचे आरोग्यमंत्री आयन मॅकलाउड यांनीं धूम्रपान व कर्करोग यांचा संबंध असल्याचें पत्रकारांपुढें मान्य केलें होतें. परंतु तें मान्य करतांना ते स्वतः एकामागून एक सिगारेट ओढीत होते. ज्ञान आणि वर्तन यांमधील अंतर यापेक्षां स्पष्टपणें क्वचितच दिसलें असेल.

हें अंतर किती जीवघेणें असूं शकतें याचा दाखला अमेरिकेंत मिळाला. सेंट लुई येथील नामांकित शस्त्रवैद्य एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनीं १९३३ सालीं कर्करोगानें ग्रासलेलें एक संपूर्ण फुप्फुस काढून रोग्याचा जीव वाचविला. तो रोगी स्वतः डॉक्टरच होता. ग्रॅहॅम अट्टल सिगारेट ओढणारे. सिगारेटवरील आरोप त्यांना प्रथम पटेना. परंतु अर्न्स्ट विंडर या विद्यार्थ्यास संशोधनाची मुभा त्यांनीं दिली आणि १९५० सालीं त्या दोघांनीं मिळून जो लेख प्रसिद्ध केला, तो सिगारेटच्या विरुद्ध गेला. पुढें ग्रॅहॅम यांनीं सिगारेट सोडली. पण उशीर झाला होता. १९५७ सालीं फुप्फुसाच्या कर्करोगानेंच त्यांचा अंत झाला. ज्याला त्यांनीं वाचविलें होतें तो रोगी मात्र त्यांच्या मागें कित्येक वर्षें जगला.

याच सुमारास मुंबईंतही या प्रश्नाची एक बाजू तपासली जात होती. परळ येथें १९४१ सालीं उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयांत तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचे रोगी मोठ्या संख्येनें येत. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं संघवी व राव या सहकाऱ्यांसह विडी ओढणें व तंबाखू चघळणें यांचा या कर्करोगांशीं असलेला संबंध तपासून १९५५ सालीं तो प्रसिद्ध केला. साहेबाची सिगारेट आणि येथील विडी-तंबाखू यांचा न्याय वेगळा नाहीं, हें त्यावरून दिसून आलें.

विरोधकही सामान्य नव्हते. थोर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर स्वतः पाइप ओढीत आणि पुढें तंबाखूच्या कारखानदारांचे सल्लागारही झाले. ज्या आनुवंशिक घडणीमुळें माणूस सिगारेटकडे ओढला जातो, तीच त्याला कर्करोगही देत असेल, असा त्यांचा आक्षेप होता. त्यास उत्तर पुन्हां डॉक्टरांच्याच वर्तनानें दिलें. आपल्याच व्यवसायबंधूंच्या मृत्यूचे आंकडे वाचून ब्रिटनमधील असंख्य डॉक्टरांनीं सिगारेट सोडली. ज्यांनीं ती सोडली त्यांची आनुवंशिक घडण बदलली नव्हती. तरी त्यांचा धोका कमी होत गेला. देशांतील इतर पुरुषांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू वाढत असतांना डॉक्टरांत ते घटूं लागले.

ही पाहणी पुढें पन्नास वर्षें चालू राहिली. तिचा अर्धशतकाचा वृत्तान्त २६ जून २००४ रोजीं प्रसिद्ध झाला, तेव्हां डॉल ९१ वर्षांचे होते. हिल १९९१ सालींच निवर्तले होते. जन्मभर सिगारेट ओढणाऱ्यांचें आयुष्य सरासरीनें सुमारें दहा वर्षांनीं घटतें, असें त्यावरून सिद्ध झालें. साठाव्या वर्षीं सिगारेट सोडल्यास सुमारें तीन वर्षें, पन्नासाव्या वर्षीं सहा, चाळिसाव्या वर्षीं नऊ, आणि तिसाव्या वर्षीं सोडल्यास जवळजवळ संपूर्ण दहा वर्षें पदरांत पडतात.

मग वैद्यानें, परिचारिकेनें, रुग्णालयांतील सेवकानें धूम्रपान करावें काय? त्यांचें खाजगी आयुष्य त्यांचें स्वतःचें आहे, आणि रात्रपाळीच्या थकव्यांत जडलेलें व्यसन हा गुन्हा नव्हे, हें म्हणणें अगदींच निरर्थक नाहीं. निकोटिनाची पकड पदवी पाहत नाहीं. परंतु रोग्याची दृष्टि वैद्याच्या शब्दांइतकीच त्याच्या हाताकडेही असते; कारखानदारांनीं १९४६ सालीं ज्या विश्वासाचा बाजार मांडला, तो विश्वास अद्यापि पुसला गेलेला नाहीं. भारतांत २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे कडक नियम अंमलांत आले, आणि रुग्णालयें त्या बंदींत अर्थातच येतात. पण कायदा दरवाज्यापर्यंत पोंचतो, मनापर्यंत नाहीं.

ब्रिटिश डॉक्टरांचा इतिहास या बाबतींत लज्जेचा कमी आणि धैर्याचा अधिक आहे. आपल्या संवयी त्यांनीं प्रामाणिकपणें लिहून दिल्या, त्यांच्या मृत्यूंनीं त्या खोडून काढल्या, आणि मागें उरलेल्यांपैकीं पुष्कळांनीं तें उत्तर मानून सिगारेट खालीं ठेवली. जो वैद्य स्वतः झगडून व्यसनांतून सुटला आहे, त्याच्या तोंडचा ‘सोडून द्या’ हा सल्ला रोग्यास उपदेश वाटत नाहीं. तो त्याला वाट दाखविणारा सोबती वाटतो.