इथे बुद्ध कुठे आहेत? प्रतिमा, श्रद्धा आणि आपली ओळख

कार्ल्याच्या चैत्यगृहात पहिल्यांदा आलेले तरुण हमखास एक प्रश्न विचारतात : इथे बुद्ध कुठे आहेत? समोर खांबांच्या दोन उंच रांगा असतात, वर दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या असतात आणि टोकाला स्तूप असतो. आपल्या विहारात असते तशी मूर्ती आत कुठेच नाही. बाहेर येऊन दर्शनी भिंत नीट पाहिली तर मात्र बुद्ध दिसतात. दानदात्या जोडप्यांच्या मोठ्या शिल्पांमध्ये जिथे जागा मिळाली तिथे ते कोरलेले आहेत. ही बुद्धशिल्पे चैत्यगृहानंतर सुमारे चार शतकांनी, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपास कोरली गेली. एकाच भिंतीवर दोन काळ शेजारी उभे आहेत. एका काळातल्या बौद्धांना बुद्धाच्या मूर्तीची गरज वाटली नव्हती, दुसऱ्या काळातल्या बौद्धांना ती वाटली.

मूर्तीचा हा प्रवास आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घ्यायला हवा. आपल्या घरातली भिंत, विहारातली वेदी आणि चौकातला पुतळा यांच्यावरून आपण स्वतःला ओळखतो आणि इतरही आपल्याला ओळखतात.

मूर्तीविना धम्म

भाजे, कोंडाणे, बेडसे, जुन्नर, नाशिकचे त्रिरश्मी आणि अजिंठ्याची ९ व १० क्रमांकाची लेणी या सगळ्या जुन्या चैत्यगृहांत पूजेचे केंद्र स्तूपच आहे. भारहूत आणि सांची येथे तर बुद्धचरित्रातले प्रसंग भरभरून कोरले आहेत, पण त्यात बुद्धांचे मानवी रूप नाही. बोधिवृक्ष आहे, धम्मचक्र आहे, रिकामे आसन आहे, पदचिन्हे आहेत.

सांचीच्या पूर्व तोरणावरचा महाभिनिष्क्रमणाचा प्रसंग यासाठी वेळ काढून पाहावा. कपिलवस्तूच्या वेशीतून घोडा बाहेर पडतो. त्याच्या पाठीवर कोणी नाही, पण वर छत्र धरलेले आहे. तोच घोडा पुढे पुन्हा दिसतो, पुन्हा दिसतो, आणि प्रत्येक वेळी छत्र त्याच्यावरच असते. शेवटी छत्र घोड्यावरून सरकून दोन पदचिन्हांवर जाते आणि घोडा रिकाम्या पाठीने घरी परततो. सिद्धार्थ उतरला, चालत पुढे गेला, हे एकही चेहरा न दाखवता शिल्पकाराने सांगितले आहे. चेहरा दाखवला असता तर आपली नजर चेहऱ्यावर थांबली असती. इथे ती त्यागावर थांबते.

असे का केले असावे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. परिनिर्वाणानंतर तथागतांना देहरूपात दाखवणे योग्य मानले जात नव्हते, असे बराच काळ शिकवले गेले. सुसान हंटिंग्टन यांनी त्याला आव्हान दिले. त्यांच्या मते यातली अनेक शिल्पे बुद्धचरित्राची नसून तीर्थस्थळांची आणि तिथे वंदन करणाऱ्या उपासकांची आहेत. हा वाद अजून मिटलेला नाही. पण त्याचा निकाल काहीही लागो, परिनिर्वाणानंतर काही शतके मूर्तीला आजचे स्थान नसतानाही धम्म मगधापासून श्रीलंकेपर्यंत पोहोचला होता. बुद्धांच्या देहाकडे सतत पाहत राहावेसे वाटणाऱ्या वक्कली भिक्खूची गोष्ट पाली साहित्यात आहे. या नाशवंत शरीराकडे पाहून काय मिळणार, धम्म पाहिला की मीच दिसलो, असे तथागत त्याला समजावतात. मूर्तीला वंदन करताना ही गोष्ट आठवायला हरकत नाही.

मूर्ती घडली

इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात, कुषाणांच्या काळात, गांधार आणि मथुरा या दोन प्रदेशांत बुद्धमूर्ती मोठ्या प्रमाणावर घडू लागल्या. कनिष्काच्या काही नाण्यांवर उभे बुद्ध आहेत आणि शेजारी ग्रीक लिपीत ‘बोद्दो’ असे लिहिले आहे. गांधारच्या मूर्तीचे केस लाटांसारखे आणि चीवर दोन्ही खांदे झाकणारे, चुण्याचुण्यांचे. मथुरेची मूर्ती तांबड्या वालुकाश्माची, रुंद छातीची, एक खांदा उघडा असलेली आणि समोरच्याकडे थेट पाहणारी.

मूर्ती आधी कुठे घडली, हा वाद विसाव्या शतकात चांगलाच रंगला. फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेड फूशे यांनी बुद्धमूर्तीचे श्रेय गांधारातल्या ग्रीक कलापरंपरेला दिले. आनंद कुमारस्वामी यांनी १९२७ साली त्याला उत्तर दिले आणि मथुरेच्या मूर्तीची मुळे तिथल्याच जुन्या यक्षमूर्तींत दाखवली. वसाहतीच्या काळातला हा वाद निव्वळ कलेचा नव्हता. आपला चेहरा आपणच घडवला की दुसऱ्याने घडवून दिला, असा त्यामागचा प्रश्न होता. दोन्हीकडे साधारण एकाच सुमारास मूर्ती घडू लागल्या, असे आता बरेच अभ्यासक मानतात.

या वादात एक नाव मागे पडते आणि माझ्या मते ते पहिल्यांदा सांगायला हवे. कनिष्काच्या दुसऱ्या राज्यवर्षात कोसंबी येथे मथुरा शैलीची एक भव्य मूर्ती उभारली गेली. ती उभारणारी होती भिक्खुणी बुद्धमित्रा. तिच्या लेखात ती त्रिपिटक जाणणारी असल्याचे नोंदवले आहे. म्हणजे सर्वात जुन्या बुद्धमूर्तींपैकी एक एका विद्वान स्त्रीच्या दानातून उभी राहिली. आणखी एक गंमत अशी की, त्या लेखात मूर्तीला ‘बोधिसत्त्व’ म्हटले आहे, जरी आपण तिच्याकडे पाहून सरळ बुद्ध म्हणू.

मूर्ती वाचायची कशी

बुद्धमूर्तीचे लांब कान अनेकांना केवळ शोभेचे वाटतात. राजपुत्र असताना घातलेल्या जड कर्णभूषणांनी ओघळलेल्या त्या पाळ्या आहेत, असा त्याचा अर्थ लावला जातो. दागिने गेले, खूण राहिली. ऐश्वर्य सोडले हे सांगायला मूर्तिकाराला याहून साधे साधन सापडले नसते.

मग हात. उजव्या हाताची बोटे जमिनीला टेकलेली असतील तर ती भूमिस्पर्श मुद्रा, संबोधीचा क्षण. दोन्ही हात छातीपाशी, बोटांचे चक्र केलेले असेल तर धम्मचक्रप्रवर्तन. सारनाथच्या प्रसिद्ध पाचव्या शतकातल्या मूर्तीत हीच मुद्रा आहे आणि खाली पीठावर पहिले पाच शिष्य व मधोमध चक्र कोरले आहे. उजवा तळहात समोर उभा केलेला असेल तर अभय, तळहात खाली सोडून पुढे केलेला असेल तर वरद, आणि मांडीवर हातावर हात असेल तर ध्यान. एवढे पाठ असले तरी महाराष्ट्रातल्या लेण्यांतल्या बहुतेक बुद्धमूर्ती ओळखता येतात.

ओळखता येणे का गरजेचे आहे, ते वेरूळच्या १० व्या लेण्यात कळते. तिथे स्तूपाच्या पुढे बुद्ध पाय खाली सोडून आसनावर बसले आहेत. छताला लाकडी बांधकामासारख्या दगडी फासळ्या आहेत, म्हणून लोक त्याला सुताराचे लेणे म्हणू लागले. पुढे आतले बुद्धही विश्वकर्मा ठरले. लेण्याचे नाव आजही तेच चालते. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगराचे नाव तिथल्याच शिलालेखांत कोरलेले असताना बसच्या पाटीवर आणि लोकांच्या तोंडी ‘पांडवलेणी’ असते. जुन्नरच्या लेण्याद्रीला एका बौद्ध विहारात आज गिरिजात्मज गणपतीची पूजा होते. प्रतिमा तीच राहते किंवा तिच्या शेजारी दुसरी येते, नाव बदलते, आणि दोन-चार पिढ्यांत लोकांच्या आठवणीही बदलतात. यावर घोषणा देण्याआधी आपल्या भागातल्या लेण्यांच्या मूर्ती आणि शिलालेख वाचायला शिकणे, हे माझ्या मते जास्त टिकणारे काम आहे.

अजिंठ्यात मात्र उलट प्रवास दिसतो. १० व्या लेण्यात साधा स्तूप आहे. १९ व्या लेण्यात त्याच स्तूपाच्या पुढच्या बाजूला उभे बुद्ध कोरले आहेत, २६ व्यात बसलेले. स्तूप गेला नाही, त्यातून मूर्ती बाहेर आली. एका दिवसात ही तीन लेणी या क्रमाने पाहिली तर पुस्तकातली अनेक पाने वाचायची गरज उरत नाही.

आपल्या घरातली भिंत

बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात स्थापन केली. त्याच महिन्यात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला धम्मदीक्षा झाली. २२ प्रतिज्ञांपैकी पहिल्या काही प्रतिज्ञा थेट देवदेवतांच्या पूजेशी संबंधित आहेत. बुद्धांना विष्णूचा अवतार मानणार नाही, ही पाचवी प्रतिज्ञा आहे. म्हणजे दीक्षेबरोबर घरातल्या भिंतीही बदलणार होत्या. गावोगावी देव्हाऱ्यातले टाक आणि तसबिरी बाहेर काढल्या गेल्या आणि त्या जागी तथागत आणि बाबासाहेब आले. हे काम सोपे नव्हते. जुन्या पिढीतल्या कित्येक आयांना भीती वाटली असणार. पिढ्यान्‌पिढ्या हात ज्याच्यापुढे जोडले, ते एका दिवसात मनातून जात नाही.

नवी भिंत काय सांगत होती? डोळे मिटत आलेले, शांत बुद्ध आणि शेजारी सूट, टाय, चष्मा घातलेले, हातात पुस्तक धरलेले बाबासाहेब. ज्यांच्या आजी-आजोबांनी चांगले कपडे घालण्यावरून मार खाल्ला होता, त्यांच्या घरात रोज डोळ्यांपुढे सुटाबुटातला एक माणूस आला आणि तो आपला होता. कोल्हापूरच्या बिंदू चौकात तर बाबासाहेब हयात असतानाच, ९ डिसेंबर १९५० रोजी, भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे बसवले गेले. संसदेच्या आवारात शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला पुतळा १९६७ साली उभा राहिला. हातात संविधान घेतलेल्या बाबासाहेबांचे हे रूप पुढे देशभर गेले. हा पुतळा वस्तीत उभा राहिला की ती वस्ती नकाशावर येते. म्हणून पुतळ्यांवर हल्ले होतात. तमिळनाडूत अनेक ठिकाणी बाबासाहेबांचे पुतळे लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे लागले आहेत. दगडाची विटंबना करणाऱ्याला दगडाशी काही घेणेदेणे नसते, त्याला त्यामागच्या माणसांना जागा दाखवायची असते.

इथे एक पेच आहे आणि तो टाळू नये. याच बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीविरुद्ध इशारा दिला होता. विभूतिपूजा त्यांना मान्य नव्हती. मग त्यांच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावताना आपण काय करत असतो? कृतज्ञता की नवस? विहारात मूर्ती बसवताना परित्राण पाठ होतो, प्राणप्रतिष्ठा होत नाही, हा फरक आपण अभिमानाने सांगतो. पण श्रीलंकेच्या बौद्ध परंपरेत मूर्तीचे डोळे सर्वात शेवटी रंगवण्याचा विधी आहे आणि तो रंगवणारा कारागीर मूर्तीकडे पाठ करून, आरशात पाहून कुंचला चालवतो. थेरवादी देशांतही मूर्ती नुसता दगड राहत नाही. तेव्हा मूर्ती आली की भावना येणारच. ती भावना मागणीकडे जाते की अनुकरणाकडे, हे विहारात येणाऱ्या लहान मुलांना आपण काय सांगतो त्यावर ठरते. ‘बाप्पाला नमस्कार कर’ हे वाक्य बौद्ध घरांतही ऐकू येते. त्याऐवजी मुलाला त्या हाताची खूण कशाची आहे ते सांगता येईल.

आज बाजारात काय मिळते

आता प्रतिमा घडवणारे हात बदलले आहेत. दुकानात मिळणारा पोट सुटलेला, हसणारा ‘लाफिंग बुद्धा’ अनेक बौद्ध घरांत शोकेसमध्ये दिसतो. ते गौतम बुद्ध नव्हेत. चीनमधल्या दहाव्या शतकातल्या बुदाई नावाच्या एका भिक्खूची ती लोकप्रिय प्रतिमा आहे आणि चिनी परंपरेत त्याला मैत्रेयाचे रूप मानतात. चिनी बौद्धांसाठी तिला अर्थ आहे. आपल्याकडे मात्र ती पैसा खेचणारी वस्तू म्हणून विकली जाते आणि पोटावर हात फिरवायला सांगितले जाते.

दुसरीकडे थायलंडहून दानात आलेल्या सोनेरी मूर्ती अनेक विहारांत आहेत आणि कामठीच्या ड्रॅगन पॅलेसमागे जपानी उपासकांचे दान आहे. हे आनंदाचे आहे, बौद्ध जगाशी असलेले नाते त्यातून दिसते. फक्त नव्या पिढीच्या डोळ्यांपुढे बुद्धांचा एकच, परदेशी चेहरा राहू नये. अजिंठ्याचे, कान्हेरीच्या व्हरांड्यात दोन बाजूंना उभे असलेले सुमारे ७ मीटर उंचीचे बुद्ध आपल्या मातीतले आहेत. गावातल्या मूर्तिकाराला त्यांचे फोटो दाखवून मूर्ती करून घेता येते.

आणि आता मोबाइलवर संगणकाने बनवलेली बुद्धचित्रे येतात. एका हाताला सहा बोटे, कपाळावर भलताच टिळा, आणि खाली बुद्धांच्या नावाने कोणाचे तरी वाक्य. बुद्धपौर्णिमेला हे चित्र पुढे पाठवण्याआधी दोन गोष्टी तपासता येतात : हात कोणत्या मुद्रेत आहे आणि ते वाक्य त्रिपिटकात कुठे आहे.

विहारासाठी नवी मूर्ती घेणाऱ्या समित्या साधारण उंची, वजन आणि किंमत विचारतात. त्याबरोबर मुद्रा कोणती आणि का, हे बैठकीत ठरवावे, आणि पीठावर दात्यांची नावे कोरताना बुद्धमित्रेसारखे स्त्रियांचे नावही त्यांच्या स्वतःच्या ओळखीने कोरावे. आजवर बहुतेक पाट्यांवर त्या ‘श्री. अमुक व कुटुंबीय’ यातच राहिल्या आहेत.