बेट्टचा खटला आणि गावाचे स्मरण

इतिहास जसा ग्रंथांतून शिकवला जातो तसाच तो गावाच्या चौकातही शिकवला जातो. अमेरिकेत जुने पोशाख घालून, जुन्या वास्तूंतच गतकाळचे प्रसंग उभे करण्याची प्रथा आहे. तिला ‘जिवंत इतिहास’ म्हणतात. एखाद्या लहान गावाने गुलामगिरीच्या काळातील खटला अशा रीतीने उभा करावयाचा ठरवला, तर त्याच्यापुढे कोणता पेच येतो, हे मॅसॅच्युसेट्स राज्यातील शेफील्ड गावाच्या उदाहरणावरून पाहू.

या गावात कर्नल जॉन अ‍ॅश्ली यांचे घर आजही उभे आहे. मनुष्यमात्र स्वभावतः समान व स्वतंत्र आहे, असे सांगणारे ठराव १७७३ मध्ये याच घरात सिद्ध झाले. समितीचे प्रमुख स्वतः अ‍ॅश्ली होते आणि लेखनिक होते तरुण वकील थिओडोर सेज्विक. ठराव होत असताना त्याच घरात बेट्ट नावाची गुलाम स्त्री राबत होती.

मालकिणीने तापलेले फावडे एका मुलीवर उगारले असता बेट्टने मध्ये पडून तो घाव आपल्या हातावर घेतला, असे सेज्विक यांच्या लेखिका कन्येने पुढे लिहून ठेवले. १७८० च्या राज्यघटनेने सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान असल्याचे घोषित केले होते. त्या आधारावर बेट्टने सेज्विक यांनाच वकीलपत्र दिले. तिच्यासह ब्रॉम नावाचा पुरुषही वादी होता. दावा होता बेकायदा अडकवलेली मालमत्ता सोडविण्याचा. म्हणजे मनुष्यत्व सिद्ध करण्यासाठीही वस्तूंच्या कायद्याचाच आधार घ्यावा लागला! ऑगस्ट १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टन येथील ज्यूरीने दोघेही अ‍ॅश्लींचे गुलाम नाहीत असा निर्णय देऊन तीस शिलिंग भरपाई मंजूर केली. अ‍ॅश्ली यांनी अपील केले, पण पुढे मागे घेतले. बेट्टने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव धारण केले आणि सेज्विक कुटुंबात वेतनावर काम पत्करले. १८२९ मध्ये तिचे निधन झाले.

आता पेच असा, की न्यायालयाच्या दप्तरात वकिलांची नावे आहेत, रकमा आहेत. बेट्टच्या तोंडचे एकही वाक्य नाही. तिला लिहिता येत नव्हते. मृत्युपत्रावरही तिने केवळ खूण केली. मग तिची भूमिका करणाऱ्या स्त्रीने बोलावे तरी काय? भाषण रचून दिले, तर प्रेक्षक सुखावतील, पण कल्पनेला पुराव्याचे मोल येईल. तिला मूकच ठेवले, तर दप्तराचा अन्याय दुसऱ्यांदा घडेल. यावर प्रामाणिक मार्ग एकच: दप्तरात काय आहे आणि आपण काय जोडले, हे प्रयोगातच सांगावे. दुसरे पथ्यही तितकेच महत्त्वाचे. सारा दोष अ‍ॅश्लींच्या माथी मारून गावाने स्वतःची सुटका करून घेऊ नये. ठराव आणि गुलामी एकाच छपराखाली नांदत होती, हेच या घराचे खरे शिक्षण आहे.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये शेफील्डमध्ये फ्रीमन यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ज्या गावात ती मालमत्ता गणली गेली, तेथे तिचे नाव दगडावर आले, याला दोनशे एक्केचाळीस वर्षे लागली.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामीनिर्मूलनाचे कार्य करणाऱ्यांना अर्पण केला, तेव्हा त्यांनी दूरदेशीच्या लढ्यात आपलेच दुःख ओळखले होते. विद्यार्थ्यांनीही आपल्या गावच्या जुन्या कागदांकडे त्याच दृष्टीने पाहावे आणि प्रथम एकच प्रश्न विचारावा: येथे कोणाचे बोलणे लिहिले गेले नाही?