संगणक–साउंडबार जोडणी

डेस्कटॉप संगणकाचा आवाज साउंडबारमधून ऐकण्यासाठी केलेली तारेची किंवा बिनतारी जोडणी. साउंडबार म्हणजे एकाच लांबट पेटीत बसवलेले अनेक ध्वनिक्षेपक आणि त्यांचा प्रवर्धक. तो मुख्यतः टीव्हीसाठी घडवलेला असल्याने त्याच्या मागचे पोर्टही टीव्हीच्या सोयीने दिलेले असतात. संगणक जोडताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ यात आहे.

एचडीएमआय : सर्वाधिक गोंधळ येथे होतो. २००९ साली एचडीएमआय १.४ मध्ये एआरसी ही सोय आली. तिच्यामुळे टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून उलट दिशेने साउंडबारकडे परत येऊ लागला. अनेक साउंडबारना असा एकच पोर्ट असतो व त्यावर ‘आउट’ लिहिलेले असते. ग्राफिक्स कार्डाचा एचडीएमआय पोर्टही ‘आउट’च असतो आणि त्यातून एआरसीचा संदेश निघत नाही. त्यामुळे केबल नीट बसते, पण आवाज येत नाही. अशा वेळी केबल बदलून उपयोग नसतो. संगणक टीव्हीला जोडून तेथून एआरसीने आवाज न्यावा, किंवा स्वतंत्र ‘एचडीएमआय इन’ असलेला साउंडबार घ्यावा. या दुसऱ्या जोडणीत विंडोज कधीकधी साउंडबारला जादा मॉनिटर समजते आणि माउसचा बाण न दिसणाऱ्या पडद्यावर निघून जातो.

ऑप्टिकल : तोशिबा कंपनीने १९८३ साली सीडी प्लेअरसाठी आणलेली ही केबल (टॉसलिंक) आजही सर्वांत निर्धोक आहे. तिच्यातून वीज जात नाही. सुमारे १ मिमी जाडीच्या प्लास्टिक तंतूतून तांबडा प्रकाश जातो. हा गुण भारतीय घरांत विशेष मोलाचा. संगणक अर्थिंगच्या तीन पिनांवर चालतो. साउंडबार टीव्हीला आणि टीव्ही केबलवाल्याच्या तारेला जोडलेला असेल, तर अर्थिंगच्या दोन वाटा मिळून वर्तुळ पुरे होते आणि ५० हर्ट्झची घूंऽ ऐकू येते. प्रकाशाच्या केबलने हे वर्तुळ मुळातच तुटते. मात्र तिच्यातून असंपीडित ध्वनीच्या दोनच वाहिन्या जातात; ५.१ वाहिन्यांसाठी डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस संपीडन लागते. चित्रपटाच्या डिस्कवर ते तयार असते, पण खेळातला आवाज त्याच क्षणी संपीडित करावा लागतो व ही सोय प्रत्येक मदरबोर्डवर नसते. नव्या केबलच्या टोकांवरची प्लास्टिकची टोपणे काढावीत. केबल कोपऱ्यात करकचून वाकवू नये. आतला तंतू दुखावतो.

३.५ मिमी जॅक : संगणकाच्या मागचा हिरवा पोर्ट. सर्वांत स्वस्त मार्ग, दोन वाहिन्या. वर सांगितलेली घूंऽ बहुधा याच मार्गाने शिरते. संगणकावरचा आवाज बराच चढा ठेवून साउंडबारच्या रिमोटने तो कमी-जास्त करावा, म्हणजे खरखर दबते.

ब्लूटूथ : गाण्यांसाठी पुरेसे, खेळांत आवाज मागे पडतो.

यूएसबी : टीव्हीच्या साउंडबारवरचा यूएसबी पोर्ट बहुधा पेन ड्राइव्हसाठी असतो. टेबलावर ठेवायच्या छोट्या साउंडबारमध्ये तो संगणकाचा आवाज घेतो.

जोडणीनंतर विंडोजच्या ध्वनी-सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून नवे उपकरण निवडावे लागते. ऑप्टिकलसाठी तेथे बहुधा ‘डिजिटल आउटपुट’ असे नाव दिसते. साउंडबारवरही त्याच मार्गाचा इनपुट निवडावा.