क्राइम डॉक्युमेंटरीची ओपनिंग: शूटच्या आधी काय ठरवायचं?

ओपनिंग सिक्वेन्स म्हणजे टायटल येईपर्यंतचा भाग. स्टुडंट फिल्मला 60 ते 90 सेकंद पुरतात. मित्रांच्या फिल्म्स एडिट करताना मी आधी विचारतो, प्रेक्षकाला पहिल्यांदा काय दाखवणार? बहुतेकांचं उत्तर सायरन आणि रक्ताचे डाग. मला ते स्वस्त वाटतं (आणि सगळ्यांचं सारखंच दिसतं).

एरोल मॉरिसची 1988 ची ‘द थिन ब्लू लाइन’ बघा. पोलिसाच्या खुनाचा प्रसंग वेगवेगळ्या साक्षींप्रमाणे पुन्हा पुन्हा दिसतो आणि साक्षींवरच शंका येते. त्यात जन्मठेप भोगणारा रँडल अ‍ॅडम्स 1989 मध्ये सुटला.

तुम्ही प्रसंग पुन्हा उभा केलात तर स्क्रीनवर ‘नाट्यरूपांतर’ लिहा. निकाल लागला नसेल तर व्हॉइसओव्हरमध्ये ‘आरोपी’च म्हणा, ‘खुनी’ नाही. लैंगिक अत्याचाराची केस असेल तर पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार गुन्हा आहे. म्हणजे नावच नाही, घराची पाटी, गाडीचा नंबरही फ्रेममध्ये नको.

मोबाइलवर प्रो मोडमध्ये 25 फ्रेम्स आणि शटर 1/50 ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट फ्लिकर होत नाही.